चौसष्टातले बासष्ट

एकदा ऑफिसातला राउटर मी बंद करून परत सुरू केला आणि नेट आलं. एवढंच माझं पाप. वासरात लंगडी गाय शहाणी या न्यायाने त्या दिवसापासून नेटवर्क माझ्या गळ्यात पडलं. वर्षभर मी बंद-चालू या एका मंत्रावर निभावून नेलं. मग साहेब म्हणाले, ‘‘हिशेब विभाग, गोदाम, कार्यालय आणि बाहेरून येणारे पाहुणे, चौघांचं नेटवर्क वेगळं करा.’’ हे बंद-चालू करून होत नाही. मी करून पाहिलं.

शेवटी भाच्याला शरण गेलो. भाचा संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी त्याला पाढे मीच शिकवले होते, टपल्या मारून. तो ते विसरलेला नाही.

‘‘मामा, 192.168.1.70 हे काय आहे?’’

‘‘पत्ता.’’

‘‘त्यात गल्ली कुठली, घर कुठलं?’’

पहिले तीन आकडे गल्ली आणि शेवटचा घर, असं मी ठोकून दिलं.

‘‘कशावरून?’’

कशावरून ते मला सांगता येईना. मग कळलं की नुसत्या पत्त्यावरून ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. त्यासाठी सबनेट मास्क लागतो. म्हणजे पत्ता वाचायला शेजारी दुसरा पत्ता ठेवायचा. मास्क म्हणजे काहीतरी झाकत असेल असं मला वाटलं होतं. हा तर सगळं उघड करतो. पत्ता म्हणजे बत्तीस बिट, आणि बिट म्हणजे नुसता 0 किंवा 1. एकेका आकड्यात आठ बिट, आठही 1 असले की 255. मास्कमध्ये डावीकडून जितके 1, तितकी गल्ली. पुढे जितके 0, तितकं घर. 255.255.255.0 मध्ये चोवीस 1 आणि आठ 0. आठ बिटांत 256 पत्ते.

‘‘तुला चार भाग हवेत ना? मग घराचे दोन बिट काढून गल्लीला दे.’’

दिले. शेवटच्या आठांत आता दोन 1 आणि सहा 0, म्हणजे 192. मास्क झाला 255.255.255.192. दोनशे छप्पनमधून एकशे ब्याण्णव गेले, उरले चौसष्ट. म्हणून भाग सुरू होणार 0, 64, 128 आणि 192 वर. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी लगेच म्हणालो, ‘‘म्हणजे प्रत्येक भागात चौसष्ट यंत्रं!’’

‘‘बासष्ट.’’

इथे माझं घोडं अडलं ते आठवडाभर हललं नाही. पहिला पत्ता म्हणजे खुद्द गल्लीचं नाव, तो कुणाला द्यायचा नाही. शेवटचा सगळ्या गल्लीला एकदम हाक मारायला, तोही द्यायचा नाही. कुठलाही भाग पाडा, दोन पत्ते हे असे जायचेच. मास्क तीस बिटांचा केला तर एकूण चारच पत्ते, त्यातले दोन गेले. एकतीस बिटांच्या मास्कला मात्र सूट आहे: दोनच यंत्रं समोरासमोर जोडायची असतील तर दोन्ही पत्ते वापरा, असं 2000 साली ठरलं. मला कुणी सूट दिली नाही. मी मोठ्या ऐटीत एका संगणकाला 192.168.1.64 हा पत्ता दिला आणि त्याने तो घ्यायला साफ नकार दिला. यंत्राने केलेला अपमान जास्त लागतो, कारण ते बरोबर असतं.

बरं, एवढी काटकसर करायची ती कुठे? 1981 साली ही पत्त्यांची पद्धत ठरली तेव्हा एकूण पत्ते होते 4,29,49,67,296. मग वाटणी झाली ती ए, बी आणि सी अशा वर्गांत. सी वर्गात 256 पत्ते आणि त्याच्या वरच्या बी वर्गात थेट 65,536. मधलं काही नाहीच! तीनशे यंत्रं असणाऱ्याने करायचं काय? हे वर्ग मोडीत काढायला 1993 उजाडलं, आणि फेब्रुवारी 2011 मध्ये मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठेही वाटून संपले. आमचे 192.168 वाले पत्ते खाजगी, ते कुणीही आपापल्या घरात फुकट वापरावेत. तरी त्यातले दोन जातात हे माझ्या जिवाला लागतं.

अखेर एका रविवारी चारही भाग पाडले. सोमवारी सगळं सुरळीत. फक्त साहेबांच्या लॅपटॉपवरून प्रिंट निघेना. त्यांचं नेट चालू होतं आणि बाकीच्यांचं प्रिंटही निघत होतं. मी प्रिंटर बंद-चालू केला, लॅपटॉप बंद-चालू केला, मग भाच्याला फोन लावला.

‘‘मामा, साहेबांचा मास्क बघ.’’

पत्ता मी बदलला होता, 192.168.1.70. मास्क जुनाच राहिला होता, 255.255.255.0. प्रिंटर होता 130 वर, म्हणजे पलीकडच्या गल्लीत. पण जुन्या मास्कमुळे लॅपटॉपला वाटत होतं की प्रिंटर आपल्याच गल्लीत आहे. गल्लीबाहेरचा निरोप राउटर पोचवतो. पण तो राउटरकडे देण्याऐवजी लॅपटॉप स्वतःच्याच गल्लीत उभा राहून ओरडत होता, ‘‘130 कोण? 130 कोण?’’ गल्लीत 130 नव्हताच, मग ओ कोण देणार? नेट चालत होतं, कारण राउटर 65 वर, तो कुठल्याही मास्कने गल्लीतलाच.

मी 0 पुसून 192 लिहिलं आणि प्रिंटर घरघरला. साहेब मूळचे हिशेबातले, त्यांनी चष्मा वर केला.

‘‘काय केलंत?’’

‘‘आधी शेवटी शून्य होतं, तिथे एकशे ब्याण्णव केले.’’

‘‘आणि त्याच्या आधी ते तीन 255 आहेत, ते?’’

‘‘ते तसेच.’’

‘‘मग या चौथ्यात 63 कमी का?’’

मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी डायरीत ‘63 येणे’ असं लिहून ठेवलंय. दर महिन्याच्या बैठकीत विचारतात.