भाऊजी, ती साठ खोकी घेऊ नका

रविवारी रात्री साडेनऊला माझ्या धाकट्या जावेचा, स्मिताचा फोन आला. "वहिनी, निखिलची ती बेसबॉलची कार्डं अजून तुमच्या बेसमेंटमध्ये आहेत ना हो? टाकून नका देऊ. आणि हे म्हणतायत, आपणही घेऊन ठेवायची." मग आवाज खाली आणून म्हणाली, "नऊ हजार डॉलरची बोलणी झालीत. तुम्ही जरा बोलाल का यांच्याशी?"

ही कार्डं म्हणजे बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंची, पाकिटातून विकली जाणारी छोटी कार्डं. भाऊजींना रिटायर होऊन आठ महिने झाले. नऊ हजार ही त्यांच्यासाठी लहान रक्कम नाही. ही कल्पना आली कुठून, तर गेले दोन महिने आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या एका मेसेजमधून. मलाच तो चार जणांनी पाठवलाय. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: मिकी मॅन्टल या बेसबॉलपटूचं १९५२ सालचं पहिलंवहिलं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं, जुनी कार्डं दरवर्षी दुप्पट होतात, तुमच्या मुलांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात जमवलेली कार्डं घरात असतील तर तुम्ही आत्ताच लखपती आहात, नसतील तर त्या काळातली सीलबंद खोकी घ्या, कार्डाचं ग्रेडिंग केलं, म्हणजे जाणकार संस्थेकडून त्याच्या अवस्थेला दर्जा घेतला, की किंमत दसपट, नफ्यावर कर नाही, आणि लहानपणाची आठवण कधी स्वस्त होत नाही.

यातली एक गोष्ट खरी आहे, ती आधी मान्य करते. ऑगस्ट २०२२ मध्ये टॉप्स कंपनीचं मॅन्टलचं ३११ क्रमांकाचं कार्ड लिलावात खरोखर १ कोटी २६ लाखांना गेलं. विकणारे गृहस्थ आपल्या न्यू जर्सीतलेच. त्यांनी ते १९९१ मध्ये ५० हजारांना घेतलं होतं. म्हणजे ३१ वर्षांत २५२ पट. कुणालाही हेवा वाटावा असा सौदा. पण "पहिलंवहिलं" हा शब्द चूक. मॅन्टल १९५१ मध्ये खेळू लागला आणि त्याचं पहिलं कार्ड त्याच वर्षी बोमन कंपनीनं काढलं. ते याच्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतं. ज्यानं मेसेज लिहिला त्याला एवढंही माहीत नाही.

आता "दरवर्षी दुप्पट" घ्या. कागद-पेन्सिल घेऊन बसा. ५० हजार डॉलर ३१ वर्षं दरवर्षी दुप्पट झाले तर १०७ लाख कोटी डॉलर होतात. साऱ्या जगाचं वर्षाचं उत्पन्न २०२२ मध्ये साधारण १०० लाख कोटी होतं. त्या नशीबवान कार्डाची खरी वाढ दरसाल साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास पडते. ती उत्तम आहे, पण ती या छंदातल्या सगळ्यात गाजलेल्या, जवळजवळ निर्दोष अवस्थेतल्या एका कार्डाची आहे. लॉटरी लागलेल्या माणसाकडे बघून कुणी तिकिटाचं व्याज काढत नाही.

माझा खरा संताप आहे तो तिसऱ्या मुद्द्यावर, कारण भाऊजी फसतायत ते तिथे.

माझा मुलगा निखिल १९८९ मध्ये अकरा वर्षांचा होता. शेजाऱ्यांचं गवत कापून मिळालेले पैसे तो सरळ कार्डांच्या दुकानात नेऊन द्यायचा. त्या वर्षी अपर डेक नावाची नवी कंपनी आली. जाड पांढरा कागद, मागे चमचमता होलोग्राम, आणि पाकीट जवळजवळ एका डॉलरचं. त्या संचातलं एक नंबरचं कार्ड केन ग्रिफी ज्युनियरचं. ते निखिलला मिळालं तेव्हा तो सॉक्सवरच धावत अंगणात आला होता. दर महिन्याला तो बेकेटचं किमतींचं मासिक आणायचा, कुठल्या कार्डापुढे वर जाणारा बाण आहे ते मला वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, "आई, यावर माझं कॉलेज होईल." प्रत्येक कार्ड नऊ कप्प्यांच्या प्लॅस्टिकच्या पानात सरकवलेलं. हात धुतल्याशिवाय मला हात लावायची परवानगी नव्हती.

मी त्यातलं एकही कार्ड टाकलं नाही. आणि अडचण नेमकी इथेच आहे: अमेरिकेतल्या कुठल्याच आईनं टाकलं नाही.

१९५२ची पोरं कार्डं सायकलच्या चाकाच्या आऱ्यांना कपड्याच्या चिमट्यानं लावायची, फटफट आवाज यावा म्हणून. रबर बँडमध्ये कोंबून खिशात ठेवायची, भिंतीवर फेकून खेळायची. पोरगं कॉलेजला किंवा सैन्यात गेलं की आई तो सगळा पसारा बाहेर काढायची. खुद्द टॉप्सनंसुद्धा तेच केलं. १९५२ची शेवटची मालिका बाजारात आली तेव्हा हंगाम संपत आला होता, मुलांना फुटबॉलचे वेध लागले होते, आणि माल पडून राहिला. आठ वर्षं गोदामात जागा अडवून बसल्यावर, १९६० मध्ये, कंपनीच्या साय बर्गर यांनी उरलेली खोकी कचऱ्याच्या बार्जवर चढवली आणि अटलांटिकमध्ये बुडवली. याच न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ. ही हकीकत बर्गर स्वतः सांगत असत. मॅन्टलचं कार्ड ३११ नंबरचं, म्हणजे त्याच शेवटच्या मालिकेतलं. जे कुणाला नको होतं, म्हणून जे उरलं नाही, ते आज महाग आहे.

१९८१ पर्यंत टॉप्सची या धंद्यात मक्तेदारी होती. त्या वर्षी फ्लीअर आणि डॉनरस उतरले, १९८८ मध्ये स्कोअर, १९८९ मध्ये अपर डेक. तोवर वर्तमानपत्रांत "बेसबॉल कार्ड ही गुंतवणूक" अशा बातम्या येऊ लागल्या होत्या. लोक पेटीच्या पेट्या घेऊन ठेवत होते, कंपन्या रात्रंदिवस छापत होत्या. किती छापली ते कंपन्यांनी सांगितलं नाही. इथले संग्राहक त्या काळाला सरळ "जंक वॅक्स" म्हणतात. वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद, आणि जंक म्हणजे जंक.

पटत नसेल तर एकच गोष्ट करा. पीएसए ही कार्डांना १ ते १० दर्जा देणारी सगळ्यात मोठी संस्था आहे. कुठल्या कार्डाच्या किती प्रतींना कुठला दर्जा दिला, याची यादी ती सगळ्यांना बघता येईल अशी ठेवते. १९५२च्या टॉप्स मॅन्टलपुढे बघा: पूर्ण १० मिळालेल्या प्रती तीन. तीनच. (१ कोटी २६ लाखांच्या प्रतीला दुसऱ्या एका संस्थेनं साडेनऊ दिले होते.) आता १९८९च्या अपर डेक ग्रिफीपुढे बघा: १० मिळालेल्या प्रती चार हजारांहून जास्त. आणि ग्रिफी हा त्या काळातला हिरा. निखिलच्या पेटीत उरलेली तीन हजार कार्डं ज्या खेळाडूंची आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकांची कार्डं ग्रेडिंगला पाठवायचा खर्च कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त येतो.

मी हे नुसतं वाचून बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तेव्हा मी ती पेटी उचलून जवळच्या एका दुकानात नेली होती. दुकानदार भला माणूस होता. त्यानं अर्धा तास शांतपणे पानं उलटली. ग्रिफी बाजूला काढून म्हणाला, हे मुलासाठी ठेवा. बाकी सगळ्याचे त्यानं वीस डॉलर सांगितले, तेही प्लॅस्टिकच्या पानांचे. "पानं मला लागतात," म्हणाला. काही न विकता मी पेटी परत आणली.

आता भाऊजींचा सौदा. १९९०ची सीलबंद खोकी, साठ, दर खोक्याला दीडशे डॉलर. मी निखिलला विचारलं. त्यानं दहा मिनिटांत त्याच खोक्यांच्या झालेल्या विक्रीचे आकडे काढून दाखवले. झालेल्या विक्रीचे, कारण मागणारा काहीही मागू शकतो. वीस डॉलरच्या आतबाहेर. म्हणजे बाराशे डॉलरचा माल नऊ हजारांना. पस्तीस वर्षांत ज्या खोक्याची किंमत महागाईइतकीही वाढली नाही, ते भाऊजी आणखी किती वर्षं सांभाळणार? शिवाय सील म्हणजे खात्री, हेही खरं नाही. लोगन पॉल या यूट्यूबवाल्यानं डिसेंबर २०२१ मध्ये पोकेमॉन कार्डांची म्हणून ३५ लाख डॉलरची सीलबंद खोकी घेतली. जानेवारीत उघडली तर आत जी.आय. जो या खेळण्यांची कार्डं निघाली. त्या खोक्यांची तर आधी तपासणीही झाली होती.

ग्रेडिंगबद्दल एवढंच. पीएसएनं १९९१ मध्ये सगळ्यात पहिलं दर्जा दिलेलं कार्ड होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचं, तंबाखूच्या पाकिटातून १९०९ च्या सुमारास आलेलं. त्याला ८ मिळाले. बिल मास्ट्रो या लिलाववाल्यानं पुढे २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या. बनावट बोली लावल्याबद्दल त्याला तुरुंगवास झाला. दर्जा मिळाला की किंमत वाढते हे खरं, पण चांगला दर्जा मिळाला तर. आणि चांगलंच कार्ड असेल तर.

"कर नाही" हे तर धडधडीत खोटं आहे. अमेरिकेत संग्राह्य वस्तू वर्षापेक्षा जास्त काळ ठेवून विकल्या तर नफ्यावर केंद्राचा कर २८ टक्क्यांपर्यंत लागतो. शेअर्सवर तोच जास्तीत जास्त २० टक्के आहे. ज्यांनी कर भरायचा नाही असं ठरवलं त्यांना नोटीस येते. भाऊजींनी तीस वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी केली, त्यांनी हे वाक्य वाचून पुढे पाठवावं याचं मला वाईट वाटलं.

राहता राहिली आठवण. इथे मला अर्धं मान्य करावं लागतंय. पन्नासच्या दशकात दहा वर्षांचे असलेले मुलगे ऐंशीच्या दशकात चाळिशीचे झाले, हातात पैसा आला, आणि आईनं टाकलेली कार्डं परत विकत घ्यायला निघाले. किमती पहिल्यांदा चढल्या त्या त्यांच्यामुळे, हे खरं आहे. २०२०च्या लॉकडाउनमध्येही घरात बसलेल्या माणसांनी जुन्या पेट्या उघडल्या. गर्दी इतकी झाली की मार्च २०२१ मध्ये पीएसएला नवीन कार्डं घेणं बहुतेक बंद करावं लागलं, आणि मे महिन्यात टार्गेट दुकानांनी कार्डं विकणं काही काळ थांबवलं, कारण विस्कॉन्सिनमध्ये पार्किंगमध्ये मारामारी झाली होती. पण आठवण स्वस्त होत नाही? मायकेल जॉर्डनचं १९८६चं फ्लीअर कार्ड, बास्केटबॉलचं, दर्जा १०, जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजारांना गेलं. वर्ष-दीड वर्षात तेच दोन लाखांच्या आसपास आलं. जॉर्डन तोच, आठवणही तीच. आणि होनस वॅग्नरला खेळताना पाहिलेलं आज कोण जिवंत आहे? तरी त्याचं कार्ड २०२२ मध्ये साडेबहात्तर लाखांना विकलं गेलं, कारण जगात त्याच्या साठेक प्रतीच माहीत आहेत. आठवण गिऱ्हाईक आणते. किंमत टिकते ती वस्तू कमी असेल तर.

निखिलची आठवण मला विकायची नाही, तो प्रश्नच वेगळा आहे. आणि तुमच्या घराच्या माळ्यावर आधीच्या मालकाची १९६०-७० च्या आधीची कार्डं खरंच सापडली, तर हात न लावता दोन-तीन जाणकारांना दाखवा. ती वेगळी गोष्ट. १९८७ ते १९९३ मधली असतील तर मुलांना फोन करा, घेऊन जा म्हणावं.

भाऊजींशी काल बोलले. ते रागावले नाहीत, पण "वहिनी, सगळेच खोटं बोलतील का?" असं दोनदा म्हणाले. चेक अजून गेलेला नाही. शनिवारी दोघं जेवायला येतायत, निखिलही येतोय. पेटी मी बेसमेंटमधून वर आणून डायनिंग टेबलावर ठेवली आहे.