साडूभाऊ कसाऱ्यापर्यंत आले आहेत

शनिवारी सकाळी सव्वासातला फोन वाजला. पडद्यावर साडूभाऊंचं नाव. ठाण्याचा माणूस सुट्टीच्या दिवशी सव्वासातला फोन करतो तेव्हा एक तर कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर तो कसारा घाटात असतो.

"चहा घेतोय कसाऱ्याला. मिसळ कुठली ते ठरवून ठेवा. सगळ्यांनी पोट रिकामं ठेवलंय."

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत आहे, म्हणजे शनिवार हीच माझी हक्काची सुट्टी. तिचं वाटोळं झालंच होतं, पण त्याहून मोठं संकट 'मिसळ ठरवून ठेवा' हे होतं. नाशिकमध्ये त्यापेक्षा लग्न जमवणं सोपं. प्रत्येक नाशिककराची आपली एक मिसळ असते, जसा घरचा डॉक्टर असतो. काळ्या मसाल्याचे वेगळे, लाल तर्रीचे वेगळे, चुलीवरचे वेगळे. सातपूरचा माणूस पंचवटीच्या मिसळीला 'ठीक आहे' म्हणतो, आणि हे 'ठीक आहे' आपण सोयरीक नाकारताना म्हणतो त्यातलं असतं.

अशा वेळी मी एक चूक केली. खालच्या मजल्यावरच्या काकांना विचारलं. काका नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेले. आयुष्यभर नोटा छापल्यामुळे त्यांना खर्चाचं आकर्षण उरलेलं नाही. मत मात्र ते सढळ हाताने देतात.

"गावातली मिसळ संपली आता," काका दात घासता घासता म्हणाले. "पाहुण्यांना मखमलाबादच्या बाजूला न्या. मळा आहे, झोके आहेत, पोरं खेळतात. मी तर गावात पाऊलसुद्धा टाकत नाही मिसळीसाठी."

तर मखमलाबादची बाजू. द्राक्षाच्या मळ्याला लागून मांडव, झोके, बैल नसलेली बैलगाडी, सशांचा पिंजरा. मिसळ सोडून सगळं ताबडतोब मिळत होतं. आमचं टोकन त्रेसष्ट, पुकारा एकवीसचा. सशांना गवत घालून झालं, बैलगाडीत फोटो काढून झाले, साडूभाऊंच्या धाकट्याने गवत स्वतः खाऊन पाहिलं. पावणेदोन तासांनी थाळ्या आल्या : मटकी, शेव, कांदा, लिंबू, दही, पापड, एक जिलेबी आणि वेगळ्या वाटीत काळाभोर रस्सा.

साडूभाऊंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून. बारावीच्या निकालालाही मी एवढा धास्तावलो नव्हतो.

"छान आहे," ते म्हणाले. "पण आमच्या मामलेदार मिसळीची सर नाही."

ठाण्याच्या माणसाला हे म्हणावंच लागतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यानंतर रश्श्याची किटली घेऊन फिरणाऱ्या पोराला त्यांनी चार वेळा थांबवलं आणि सहा पाव संपवले. आणि बिल येताना दिसलं तसा त्यांना फोन आला. फोन वाजल्याचं मी तरी ऐकलं नाही. ते थेट सशांपर्यंत बोलत गेले आणि मी पैसे देईपर्यंत तिथेच बोलत राहिले.

शनिवार असल्यामुळे मेव्हणीला मारुती हवा होता, म्हणून गोदाघाट. घाटावर जायचे माझे सगळे ठरलेले रस्ते २०२७च्या सिंहस्थासाठी खणून ठेवलेले. मोबाइलमधली बाई आत्मविश्वासाने 'डावीकडे वळा' म्हणाली, डावीकडे पोकलेन उभा होता. अडतीस वर्षं या शहरात राहतो, तरी मेव्हणीने हळूच बायकोला विचारलं, "यांना रस्ते माहीत नाहीत का गं?"

रामकुंडाशी एकदाचे पोचलो. गोदेच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती मात्र मी मन लावून दाखवला. पावसाळ्यात आमच्याकडे धरणातून किती क्युसेक सोडलं हे कुणी विचारत नाही, "मारुती कुठपर्यंत?" असं विचारतात. गुडघ्याला म्हणजे किरकोळ, कमरेला म्हणजे भांडी बाजारवाले माल उचलायला लागले, गळ्याशी म्हणजे पूर बघायला अख्खं गाव पुलावर. धाकट्याने विचारलं, "त्याला पोहता येतं का?" मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात मेव्हणीच्या कानावर 'भांडी बाजार' एवढेच दोन शब्द पडले.

तिथे तिने तांब्याचा बंब घेतला. दुकानदाराने बोटाच्या पेराने टक् करून वाजवून दाखवला, काट्यावर ठेवला, वजनाचे एवढे, घडणावळीचे एवढे, असा हिशेब मांडला. मी विचारलं, "ताई, ठाण्याला गॅस गीझर आहे ना?"

"पाणी कोण तापवतंय? हॉलच्या कोपऱ्यात ठेवून त्यात मनी प्लँट लावणार."

दुकानदाराच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मला वाटतं हल्ली तो रोजच कुणाच्या तरी मनी प्लँटसाठी बंब विकत असावा.

गाडी लांब लावलेली. दहीपुलाच्या गर्दीतून तो बंब पोटाशी धरून मी निघालो, मिसळ आत आणि बंब बाहेर. वाटेत सहा जणांनी "केवढ्याला?" विचारलं. सहाही जणांनी आकडा ऐकून मान हलवली. एक आजोबा तर थांबून म्हणाले, "मला विचारायचं होतंस रे." मी त्यांना जन्मात पाहिलेलं नव्हतं.

या सगळ्यात मला काय दाखवायचं होतं ते कुणी विचारलं नाही. सायंताराचा साबुदाणा वडा होता, बुधा हलवायाची गरम जिलेबी होती. १८४० पासून चालू असलेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात पेपर चाळत बसता आलं असतं, तिथे 'आता पुढे काय?' असं कुणी विचारत नाही. पण साडूभाऊंची यादी रीलवरून आली होती आणि तिच्यात शेवटी पांडवलेणी होती. "मुंबईच्याच रस्त्यावर आहेत, जाता जाता करू."

जाता जाता करायला ती काही पाणीपुरी नाही. पायऱ्या चढताना सहाही पावांनी साडूभाऊंना आपापली जागा दाखवली. दहाव्या लेण्यात पोचेपर्यंत ते गप्प झाले होते, म्हणून मी संधी साधली. एकूण चोवीस लेणी आहेत, असं सांगून त्यांना नहपान राजाच्या काळातला शिलालेख दाखवला. नहपानाचा जावई उषवदात. त्याने तीन लाख गाई दान दिल्या, वर्षाला एक लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, असं तिथे कोरून ठेवलंय.

"एक लाख?" साडूभाऊ धापा टाकत म्हणाले. "केटरिंग कुणाचं?"

"ते लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "पण जावई होता आणि खर्च त्याने केला, एवढं स्पष्ट आहे."

साडूभाऊंनी बराच वेळ छताकडे पाहिलं. मग त्यांना फोन आला.

उतरल्यावर ऑफिससाठी कोंडाजी चिवड्याचे चार पुडे हवे होते, ते मीच घेऊन दिले. मागच्या सीटवर दोन पोरांच्या मध्ये बंब बसला आणि गाडी हायवेला लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे मला कंपनी. पण निघण्याआधी साडेसातला मी माझ्या जागी गेलो. जुन्या गावातली एक गल्ली, चार बाकडी, पाटी नाही, झोका नाही, ससा तर नाहीच. मालकाने न विचारता प्लेट ठेवली.

"काल दिसला नाहीत?"

"पाहुणे होते ठाण्याचे."

"मग आणायचं ना इकडे."

मी काही बोललो नाही, लिंबू पिळलं. तेवढ्यात मागच्या बाकड्यावरून ओळखीचा आवाज आला, "जरा रस्सा."

मी वळून पाहिलं. मिसळीसाठी गावात पाऊलसुद्धा न टाकणारे काका पाव बुडवून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दोघांनीही ओळख दाखवली नाही. पोरगा किटली घेऊन आला, आधी त्यांना वाढलं, मग मला.