जादा सिलिंडर लावला म्हणून गुहेत जाता येतं का? एका मेसेजबद्दल खुलासा

मालवण-तारकर्लीकडच्या डायव्हिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "गुहेत उतरायला वेगळा कोर्स लागत नाही, कडेला एक जादा सिलिंडर अडकवला की झालं."

पाण्याखाली कोणी पोलीस येऊन डायव्हरचं कार्ड, म्हणजे प्रशिक्षणाचा दाखला, तपासत नाही, एवढंच त्यातलं खरं. फ्लोरिडातल्या अनेक नावाजलेल्या गुहांत मात्र केव्ह डायव्हिंगचं, म्हणजे पाण्याखालच्या गुहेतल्या डायव्हिंगचं, कार्ड दाखवल्याशिवाय सोडत नाहीत. जादा सिलिंडरसाठी, म्हणजे 'स्टेज'साठी, केव्ह कोर्सनंतरचं वेगळं प्रशिक्षण असतं.

कारण सगळा हिशेब बदलतो. गुहेत एक तृतीयांश हवा आत जायला, एक तृतीयांश परतायला आणि उरलेली अडचणीसाठी. त्यात सिलिंडर वाढला की तो कुठे सोडायचा, किती हवा शिल्लक ठेवून सोडायचा, गाळ उठल्यावर दोरीला धरून चाचपडत कसा शोधायचा आणि सापडलाच नाही तर बाहेर कसं पडायचं, हे सगळं मागोमाग येतं.

सर्वांत वाईट चूक म्हणजे भलत्याच सिलिंडरचा रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायची तोंडातली नळी, तोंडात घेणं. कारण जादा सिलिंडरांपैकी एखाद्यात साध्या हवेऐवजी ऑक्सिजन किंवा ऑक्सिजन जास्त असलेलं मिश्रण असू शकतं. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरखाली घेतला तर झटके येऊ शकतात, आणि पाण्यात झटका म्हणजे बहुधा बुडणंच. ५० टक्के ऑक्सिजनचं मिश्रणही साधारण २१ मीटरपर्यंतच चालतं. म्हणून सिलिंडरवर खोलीचा आकडा ठळक लिहितात आणि बदलताना जोडीदार तो वाचून खात्री करतो.

तारकर्लीला पर्यटक घेतात तो अनुभव प्रशिक्षकाबरोबरचा, उथळ, उघड्या पाण्यातला. तेवढ्यावर गुहेचा बेत आखणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ओपन वॉटरचं, म्हणजे उघड्या पाण्यातल्या प्राथमिक कोर्सचं, कार्डही तिथे पुरत नाही. आधी केव्हर्न, म्हणजे गुहेच्या तोंडाजवळचा उजेड पोचतो तेवढा भाग, मग केव्ह, त्यानंतर स्टेज.