सहकारी वाइन म्हणून नाक मुरडणाऱ्यांनो, जरा थांबा

आज डोकं फिरलंय. उद्यापर्यंत थांबले तर मवाळ होईन, म्हणून आत्ताच लिहिते.

लंडनमध्ये आज इटालियन वाइनचं टेस्टिंग होतं. तिकीट काढून जायचं, दारात एक ग्लास हातात देतात आणि मग टेबलामागून टेबल. प्रत्येक टेबलावर कुणाच्या तरी बागेतलं काहीतरी. घोटभर घ्यायची, तोंडात फिरवायची, शेजारच्या भांड्यात थुंकायची, दोन प्रश्न विचारायचे, वहीत टिपायचं, पुढे जायचं. दरवर्षी मी या दिवसाची वाट बघते. निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी आहे मी. द्राक्षाबद्दल बोलणाऱ्या माणसांत उभं राहायला मला आवडतं. ज्यांना खाली ‘दारू प्यायला गेलीस होय’ असं लिहायचंय त्यांनी खुशाल लिहा, मी उत्तर देणार नाही.

मी ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ या सहकारी संस्थेच्या टेबलापाशी होते. शेजारी एक मराठी जोडपं आलं. वयाने माझ्याएवढेच, छान कपडे, हातात कार्यक्रमाची पुस्तिका. बाई ग्लास पुढे करणार तेवढ्यात गृहस्थ म्हणाले, “अगं, ही कोऑपरेटिव्हची आहे. सोड. सहकारी म्हटल्यावर आत काय असणार ते आपल्याला माहिती नाही का!” दोघं हसले आणि पलीकडच्या खाजगी मालकाच्या टेबलाकडे गेले. टेबलामागची इटालियन बाई त्यांच्यासाठी बाटली तिरकी करून उभी होती. तिला मराठी कळलं नाही. मला कळलं.

त्या हसण्याने मला आमची बाग आठवली.

मी नववीत होते. फेब्रुवारी संपत आला होता. व्यापारी बागेत येऊन गेला होता, घड हातात घेऊन, चार मणी तोंडात टाकून भाव ठरवून गेला होता. दोन दिवसांनी अवकाळी आला. आमच्या बागेत मण्यांना तडे गेले ते कडेच्या दोन-तीन ओळींत. पण व्यापारी परत आला आणि अख्ख्या बागेचा भाव निम्म्यावर आणला. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, जमणार नाही. तो शांतपणे म्हणाला, “अण्णा, शेजारच्यांनी याच भावात दिलाय माल. तुम्ही ठेवा वेलीवर, बघू किती दिवस टिकतो ते.” अण्णांनी दिला. आता पुढचं ऐका. शेजारच्या काकांनी तोवर दिलाच नव्हता. त्यांना तो आमच्या बागेतून निघाल्यावर भेटला आणि म्हणाला, अण्णांनी याच भावात दिलाय.

एवढंच करावं लागतं. बांधाच्या अलीकडच्याला पलीकडचं नाव सांगायचं आणि पलीकडच्याला अलीकडचं.

आता बार्बारेस्कोचं सांगते, कारण त्या गृहस्थांनी ऐकून घेतलं नाही, निदान तुम्ही तरी ऐका. इटलीच्या वायव्येला पिएमोंते, त्यात लांगेच्या टेकड्या, तानारो नदीच्या कडेला बार्बारेस्को नावाचं लहानसं गाव. द्राक्ष नेब्बिओलो. उशिरा पिकतं, तोडा बहुधा ऑक्टोबरात, म्हणजे पाऊस आणि धुकं यांच्याशी शर्यतच. एकेकाळी या गावाच्या द्राक्षांना स्वतःचं नावसुद्धा नव्हतं, ती बारोलो ही दुसरी नावाजलेली वाइन बनवणाऱ्यांना विकली जायची. 1894 मध्ये आल्बाच्या वाइनविद्या शाळेचे मुख्याध्यापक दोमिझिओ काव्हाझ्झा यांनी नऊ बागायतदार एकत्र केले आणि गावातल्या आपल्या वाड्यात, किल्लाच म्हणा त्याला, सगळ्यांची मिळून वाइन बनवायला घेतली. बार्बारेस्को या नावाला इज्जत मिळाली ती तिथून. सहकारातून. 1920 च्या दशकात फॅसिस्ट राजवटीत ते बंद पडलं आणि शेतकरी पुन्हा एकेकटे झाले. आल्बाच्या चौकात द्राक्षांचा बाजार भरायचा. गाड्या भरून शेतकरी उभे राहायचे आणि दलाल मुद्दाम वेळ काढायचे, कारण तोडलेलं द्राक्ष संध्याकाळपर्यंत उन्हात राहिलं की शेतकरी आपोआप नरमतो.

कळतंय ना मी काय सांगतेय? ‘तुम्ही ठेवा वेलीवर, बघू किती दिवस टिकतो.’

मग 1958 साली गावच्या चर्चचे पाद्री फिओरीनो मारेंगो यांनी 19 छोट्या बागायतदारांना एकत्र बसवलं. एकेकटे राहिलात तर राहणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पहिल्या तीन हंगामांची वाइन चर्चच्या तळघरात बनवली, मग चौकापलीकडे स्वतःची इमारत उभी केली. आज पन्नासेक कुटुंबं आहेत, शंभराहून जास्त हेक्टर बाग. नियम कडक. सभासदाने आपलं सगळं नेब्बिओलो संस्थेलाच द्यायचं. चांगलं बाहेर विकायचं आणि उरलेलं सोसायटीत टाकायचं, हे चालत नाही. आणि पैसे वजनावर नाहीत, मालाच्या दर्जावर. ज्यांनी आपल्याकडे दूध डेअरीला घातलंय त्यांना या दोन नियमांचं मोल मी सांगायची गरज नाही.

आता वाइन. मला इथे रागाने लिहिता येणार नाही, कारण ती फार सुंदर आहे.

चांगल्या वर्षी ही मंडळी नऊ वेगवेगळ्या टेकड्यांवरच्या बागांची रिझर्वा, म्हणजे जास्त काळ मुरवलेली वाइन, वेगवेगळी बाटलीत भरतात. आझिली, राबाया, ओव्हेल्लो, पोरा, मोंतेस्तेफानो आणि आणखी चार. नऊही बनवायची पद्धत एकच, त्यामुळे जो फरक लागतो तो मातीचा आणि उताराचा. आज आझिली आणि मोंतेस्तेफानो शेजारी-शेजारी होत्या. नेब्बिओलोचा रंग फिका, ग्लासाच्या कडेला विटकरी. बघून वाटतं हलकी असेल, आणि मग हिरड्या आवळते ती. आझिलीत आधी गुलाब येतो, सुकलेला, पेटीत ठेवलेल्या हारासारखा, आणि तुरटपणा मागाहून, अगदी रेशमी. मोंतेस्तेफानो कणखर. ती लगेच बोलतच नाही. दहा मिनिटं ग्लासात ठेवली तेव्हा डांबर, ज्येष्ठमध आणि खोल कुठेतरी चेरी. किमान 50 महिने तळघरात राहिल्याशिवाय रिझर्वा विकताच येत नाही, कायदा आहे. पन्नास महिने! चार वर्षांपूर्वी तोडलेल्या मालाचे पैसे बाटली विकून यायचे, तोवर पन्नास घरांची चूल चालली पाहिजे. एकट्या दोन एकरवाल्याला हे जमेल का? संस्था आहे म्हणून जमतं.

आणि त्या नऊ बाटल्यांच्या लेबलवर टेकडीच्या नावाबरोबर त्या टेकडीवर बाग असलेल्या शेतकऱ्यांची नावं छापलेली असतात. आडनावं. सभासदांची.

मी ती बाटली हातात घेऊन वाचत राहिले. टेबलामागच्या बाईने विचारलं, तुम्हाला इटालियन येतं का. म्हटलं नाही, नावं वाचतेय. मग तिला सांगितलं की माझ्या घरी द्राक्षबाग आहे. त्यावर तिने मला वाइनबद्दल काही विचारलंच नाही, विचारलं, पावसाचं काय करता? मग आम्ही वेलीच्या रोगांवर बोललो, डावणीवर, भुरीवर, त्यावरच्या तांब्याच्या फवारणीवर. बोर्डो मिश्रण म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड आणि पावसाळा संपताना गोडी, हे ऐकून ती थक्क झाली. तिच्याकडे वेल हिवाळाभर झोपते. मागे रांग लागली होती तरी बोलत राहिलो.

सोळा-सतरा वर्षांची असताना मी अण्णांना विचारलं होतं, आपली द्राक्षं खाणाऱ्याला कळतं का ती आपली आहेत? अण्णा म्हणाले होते, कशाला कळायला पाहिजे, गोड लागली म्हणजे झालं. माळकरी माणूस, कधी कशाची अपेक्षा नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये इथल्या दुकानात भारताची द्राक्षं येतात, त्या डब्यावर मी आजही बागायतदाराचं नाव शोधते. देशाचं असतं.

त्या व्यापाऱ्याने दिलेला चेक वटला नाही, हे सांगायचं राहिलं. निम्म्या भावाचाही नाही. अण्णा आणि शेजारचे काका दोघं मिळून त्याच्या गाळ्यावर गेले तर गाळा बंद. कोण कुणाच्या नावावर फसलं हे त्या दोघांना परत येताना एसटीत कळलं. बागायतदारांच्या गावात अशी गोष्ट घराघरात आहे, मी काही वेगळं सांगत नाहीये.

आता मला माहीत आहे कमेंटमध्ये काय येणार. साखर कारखाने. जिल्हा बँका. पतसंस्था. तेच ते संचालक, त्यांचीच मुलं, त्यांचेच जावई. मान्य. सगळं मान्य, माझ्या आत्याची ठेव अजून अडकलेली आहे.

आणि हो, इटलीतही सहकारी संस्थांची पाणचट वाइन ढिगाने निघते, मी चाखलीय. तेही मान्य.

पण म्हणून काय? विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ प्रवरेच्या काठी कारखाना उभा करत होते तेव्हा ते काय चुकीचं करत होते? नाशिक-सांगलीची द्राक्षं युरोपात पोचवायला 1991 मध्ये महाग्रेप्स उभी राहिली ती बागायतदारांच्या सोसायट्यांचीच ना? मोहाडीत सह्याद्री फार्म्स उभी आहे, ती शेतकऱ्यांचीच कंपनी आहे ना? आपण बुडालेल्यांची यादी पाठ करतो आणि तरलेल्यांचं नाव घेत नाही. लुटणारा संचालक वेगळा आणि सहकार वेगळा, हे शिकल्यासवरल्या माणसाला वेगळं करून सांगावं लागतं याचाच मला आज संताप आलाय. खाजगी मालक बुडवतो तेव्हा कुणी म्हणत नाही की खाजगी म्हटल्यावर आत काय असणार. आम्हाला बुडवणारा पूर्णपणे खाजगीच होता.

त्याच बार्बारेस्को गावात आंजेलो गाया यांचं घराणं आहे. जगभर नाव, आणि ते कष्टाने कमावलेलं, त्यात वाद नाही. त्यांच्या बाटलीची किंमत सहकारी बाटलीच्या कितीतरी पट. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावी. पण टेकड्या शेजारी-शेजारी आहेत आणि पाऊस दोघांवर सारखाच पडतो.

पुढे उत्तरेकडच्या टेबलांवर आल्तो आदिजेमधल्या तेरलानोची पिनो बिआंको होती. तीही सहकारी, 1893 ची, 24 शेतकऱ्यांनी सुरू केलेली. पांढरी वाइन लवकर संपवावी असं सगळे सांगतात, आणि यांच्या तळघरात दशकानुदशकं जपलेल्या पांढऱ्या वाइन आहेत. त्या टेबलाशी ते मराठी गृहस्थ परत दिसले. ग्लास नाकाशी धरून बायकोला म्हणत होते, “ही मात्र क्लास आहे.”

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं असं तुमच्यातले काही म्हणतील. पण खरं सांगू, त्यांचा चेहरा त्या क्षणी इतका खूष होता की माझा राग जरा ओसरला. वाइन कळत होती त्यांना. नाक चांगलं होतं. कदाचित त्यांच्याही घरात कुणाची ठेव बुडाली असेल, कुणाला ठाऊक. तसं असेल तर तो राग त्या संचालकांवर काढा हो. चर्चच्या तळघरात पिंप लावणाऱ्या 19 शेतकऱ्यांवर कशाला?

हे सगळं आज इतकं लागलं त्याला एक कारण आहे. माझ्या चुलतभावाने आणि शिवारातल्या काही बागायतदारांनी यंदा गट केलाय. व्यापाऱ्याला भाव सगळ्यांनी मिळून एकच सांगायचा, आणि पैसे खात्यावर आल्याशिवाय गाडी शिवाराबाहेर सोडायची नाही. गेल्या आठवड्यात फोनवर तो म्हणाला, ताई, गावातली पोरंच हसतात, म्हणतात झाला का तुमचा पण कारखाना सुरू. त्याच्या आवाजात जे होतं ते मला आज त्या टेबलापाशी परत ऐकू आलं. भाऊ हुशार आहे, बाग उत्तम आहे, पण संस्था कशी नोंदवायची, उपविधी कसे लिहायचे, चांगला माल बाहेर आणि वाईट माल गटात हे कसं रोखायचं, दर्जावर पैसे वाटायचे तर मोजमाप कुणी करायचं, हे त्यांना नीट सांगणारं कुणी नाही. वकील आणि सल्लागार भरमसाट फी सांगतात.

तुमच्यापैकी कुणी सहकार खात्यातून निवृत्त झालं असेल, सीए असेल, किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचं काम प्रत्यक्ष केलेलं असेल आणि छाटणीच्या आधी निफाडला एक दिवस जाऊ शकत असेल, तर मला इनबॉक्स करा. भावाचा नंबर देते. प्रवासखर्च माझ्याकडे.