टेस्टसाठी एक आकडा दे रे

बाहेरच्यांना वाटतं प्रोग्रामर लोक दिवसभर काहीतरी भयंकर हुशारीचं करतात. कसलं काय, आमचा अर्धा जीव "इथे काय टाकू?" यातच जातो. आमचं एक छोटं टूल आहे, गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्राम) रेपॉजिटरी, म्हणजे कोडची भांडारं, तपासणारं. त्याच्या टेस्टसाठी खोटे कमिट, म्हणजे बदलाच्या नोंदी, बनवायचे, खोट्या कमिटला नाव लागतं, ईमेल लागतो, तारीख लागते, आणि टीममधल्या प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीवर मत असतं.

नावाचं त्यातल्या त्यात लवकर उरकलं. गिटवाल्यांच्या स्वतःच्या टेस्टमध्ये लेखक 'ए यू थॉर' (ऑथर) आणि कमिट करणारा 'सी ओ मिटर' (कमिटर) आहे, एवढा पाचकळपणा त्यांना चालतो तर आम्हालाही चालेल म्हटलं. ईमेल एक्झाम्पल डॉट कॉमचा, कारण ते डोमेन १९९९ पासून असल्याच कामासाठी राखून ठेवलंय, नाहीतर मनानेच रचलेला पत्ता कुणा बिचाऱ्याचा खराखुरा निघायचा.

तारखेवर मात्र महाभारत. नवा पोरगा म्हणाला, आत्ताची वेळ घेऊ की सोप्पं. अरे बाबा, कमिटचा हॅश (आतल्या मजकुरावरून काढलेला ओळख क्रमांक) तारखेसकट निघतो, सेकंद बदलला की हॅश बदलला, मग टेस्ट कशाशी ताडून बघणार, कपाळाशी? म्हणजे तारीख कायमची ठरवून टाकायची. गिटच्या टेस्टमधलं घड्याळ १११२९११९९३ वर (१९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद) सुरू होतं आणि दर वेळी ६० सेकंद पुढे सरकतं. हा आकडा म्हणजे ७ एप्रिल २००५, गिटचा जनक लिनस टॉरवाल्ड्सने गिटचा पहिला कमिट केला तो क्षण. हे कळल्यावर आमच्या टीम लीड मॅडमना पण मुहूर्त हवा झाला, कुणी गुढीपाडवा सुचवला, कुणी अप्रेझलचा दिवस (त्या दिवशी सगळंच फेल होतं म्हणे). टाइमझोन मी हट्टाने +०५३० ठेवला. टाइमझोन म्हणजे पूर्ण तास असं धरून चालणारा कोड या अर्ध्या तासावर बरोब्बर आपटतो. नेपाळचा +०५४५ तर त्याहून खवट, तोही घेतला. शिवाय १९ जानेवारी २०३८ नंतरची एक तारीख, कारण त्या दिवशी आपल्याकडे सकाळी ८:४४ ला ३२ बिटांत मोजलेले सेकंद संपतात. "तेव्हा आपण कुठे असू?" असं कुणीतरी विचारलं. कोड इथेच असेल ना पण!

मग फाइलची साइज. गिट ५१२ एमबीच्या वरची फाइल 'मोठी' धरतं, म्हणून पोरगा प्रत्येक टेस्टला तेवढी फाइल बनवत बसला, लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा किंचाळायला लागला आणि सगळे चहाला गेले. अरे, ती मर्यादा सेटिंगमध्ये बदलता येते! २०० केबी कर, फाइल एक-दोन एमबीची घे, काम तेच होतं. चहा मात्र गेला.

शेवटी हॅश. जुन्या टेस्टमध्ये जिथे तिथे हाताने टाइप केलेले ४० अक्षरी हॅश. हे निघतात शा-१ या पद्धतीने. पण २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने दोन वेगळ्या पीडीएफचा एकच शा-१ काढून दाखवला, आणि २०२० च्या २.२९ पासून गिटमध्ये शा-२५६ पण प्रयोग म्हणून आला, ६४ अक्षरी. म्हणजे ४० गृहीत धरणारं सगळं झोपलं. खुद्द गिटवाल्यांनाही टेस्ट उकरून 'सध्या कुठला हॅश चालू आहे' हे विचारून किंमत देणारं फंक्शन लिहावं लागलं, तेच आम्ही उचललं. नुसता खोटा हॅश हवा असेल तिथे मी 'डेडबीफ' (deadbeef) टाकलं. आठ अक्षरं, सगळी हेक्समध्ये (० ते ९ आणि a ते f, हॅश यातच लिहितात) बसणारी, पाच वेळा लिहिलं की ४०, आठ वेळा लिहिलं की ६४, उद्या १२८ आले तरी सोळा वेळा लिहा आणि सुटा. इतकी चोख किंमत मी आयुष्यात निवडली नव्हती.

रिव्ह्यूमध्ये एकच कमेंट आली, टीममधल्या कट्टर शाकाहारी काकांची: "दुसरं काही मिळालं नाही का रे?" मग मी 'कॅफेबेब' (cafebabe) सुचवलं, तेही आठ अक्षरी, तेही हेक्स. त्यावर मॅडमनी "बेब?" एवढंच लिहिलंय आणि उद्या चारची मीटिंग लावलीये.