शस्त्रं दिली, हिशेब कोण घेणार?

गोवा मुक्तिदिन जवळ आला की आमच्या वास्कोत एक वाद हमखास रंगतो. पोर्तुगाल नाटो या लष्करी संघटनेत होतं, मग १९६१ साली भारताने त्याच्याकडून गोवा घेतला तेव्हा नाटो धावून का आली नाही? उत्तर करारातच आहे. सहाव्या कलमातली हद्द मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेचा अटलांटिक अशी. गोवा त्यात बसतच नव्हता.

मला त्याच वर्षीची अंगोलाची, म्हणजे पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतीची गोष्ट जास्त बोलकी वाटते. तिथे उठाव झाला आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने एफ-८४ लढाऊ विमानं अंगोलाच्या राजधानीला, लुआंडाला धाडली. ही विमानं अमेरिकेने दिलेली, तीही युरोपच्या रक्षणासाठी. केनेडींच्या सरकारने हरकत घेतली, नाटोसाठी दिलेली शस्त्रं आफ्रिकेत वापरायची नाहीत असं बजावलं. पण सालाझार पक्का. अझोर्स या पोर्तुगालच्या अटलांटिकमधल्या बेटांवर अमेरिका वापरत असलेल्या लाजेस तळाचा करार १९६२ च्या अखेरीस संपत होता आणि अमेरिकेला तो तळ सोडवत नव्हता. वॉशिंग्टनचा सूर मऊ झाला. तरीही गिनी या पोर्तुगालच्या दुसऱ्या आफ्रिकी वसाहतीत नेलेली एफ-८६ विमानं १९६४ मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे मागे घ्यावी लागलीच. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं.

कायद्यांची वानवा नाही. गंभीर मानवाधिकार उल्लंघन करणाऱ्या परदेशी तुकड्यांना मदत देऊ नये, असं सांगणारा अमेरिकेचा लीही कायदा १९९७ पासून आहे. इजिप्तला अमेरिकेकडून लष्करी मदत म्हणून वर्षाला १.३ अब्ज डॉलर मिळतात, त्यातल्या ३२ कोटींना मानवाधिकारांच्या अटी होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यातल्या बहुतेक रकमेच्या अटी बाजूला ठेवून अमेरिकेने सगळी रक्कम सोडली. गाझाच्या वाटाघाटीत कैरोची गरज होती ना! तळ बदलला, खेळ तोच. अट माफ करायचा अधिकार सरकारकडेच ठेवला, की ती अट शोभेपुरतीच उरते. सुधारणा करायची तर इथे करा: माफी द्यायची असेल तर संसदेत उघड मतदान घ्या.

आणि हे फक्त अमेरिकेला सुनावून भागणार नाही. आपणही आता देणाऱ्यांत आहोत. २०२३ मध्ये ‘आयएनएस कृपाण’ ही चालती युद्धनौका व्हिएतनामला भेट दिली. मॉरिशसच्या तटरक्षक दलाच्या काही गस्तीनौका तर आमच्याच गोवा शिपयार्डात बांधल्या. त्या बांधणाऱ्यांचा मला अभिमान आहे (कमेंटमध्ये देशभक्ती शिकवायला येणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं). पण कुणाला काय दिलं, कशासाठी दिलं आणि ते पुढे कुठे वापरलं, याचा वार्षिक अहवाल संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे यायला हवा. आपल्या गोव्याच्या दोन्ही लोकसभा खासदारांनी पुढच्या अधिवेशनात एवढा एक प्रश्न टाकावा.