गादीला रकाना नाही

गेल्या शनिवारी कर्वेनगरातील मुलींच्या एका खासगी वसतिगृहाच्या फाटकाबाहेर, चपलांच्या मांडणीला खेटून, मी सकाळी साडेदहापासून दुपारी पावणेतीनपर्यंत उभा होतो. माझ्या पायाशी घरून आणलेली, सुतळीने वळकटी बांधलेली कापसाची गादी होती आणि खिशात एक लाखाहून अधिक रकमेचा धनादेश होता. या दोहोंपैकी फक्त धनादेशाला आत प्रवेश मिळाला.

दारात उभे राहण्याचे मला वावडे नाही. बार्शीतील एका पतसंस्थेच्या वसुली विभागात मी बावीस वर्षे नोकरी करतो आहे आणि लोकांच्या दारात उभे राहणे हाच माझा पेशा आहे. ‘साहेब घरात नाहीत’ हे वाक्य खुद्द साहेबांच्याच आवाजात ऐकण्याइतका मी त्यात मुरलो आहे. परंतु आजवर ज्यांच्या दारात उभा राहिलो ते सारे आमचे थकबाकीदार होते. ज्याला आपण पैसे द्यायचे त्याने आपल्याला बाहेर ताटकळत ठेवावे, हा अनुभव बावीस वर्षांत पहिलाच.

प्रसंगाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी, की मुलीला कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, तिसऱ्या फेरीत पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आणि तोवर महाविद्यालयाच्या आवारातील वसतिगृह भरून गेले होते. तेथे वर्षाचे 42,000 रुपये आणि खाणावळ वेगळी, असा दर होता. तेथील लिपिकाने मला प्रतीक्षायादीतील एकशे सातवा क्रमांक दाखवला आणि ‘कोणी प्रवेश रद्द केला तर कळवू’ असे आश्वासन दिले. अशी आश्वासने मी स्वतः रोज देत असल्यामुळे त्याचा अर्थ मला विचारावा लागला नाही. उरला तो पर्याय खासगी वसतिगृहाचा, ज्याला पुण्यात ‘कॉट बेसिस’ म्हणतात.

या शब्दप्रयोगाचा मी बराच विचार केला आहे. खोली भाड्याने मिळत नाही, खोलीचा भागही मिळत नाही. मिळतो तो सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद असा कॉट. म्हणजे पंधरा चौरस फूट. त्याचे दरमहा 8,000 रुपये म्हटल्यावर चौरस फुटाला 533 रुपये पडतात. बार्शीच्या भर बाजारपेठेत आमच्या पतसंस्थेचा गाळा चौरस फुटाला पंचवीस रुपयांनी आहे आणि तोही महाग पडतो म्हणून आमचे संचालक मंडळ दर बैठकीत कुरकुरत असते. हा हिशेब मी मुलीला ऐकवला, तेव्हा ती म्हणाली, “पप्पा, गाळ्यात कोणी झोपतं का?” झोपतात, हे मला ठाऊक आहे; पण संस्थेची अब्रू राखायची म्हणून मी गप्प बसलो.

पैसे भरण्याची सोय मात्र फारच विचारपूर्वक केलेली होती. पुरुषांना फाटकाच्या आत मज्जाव असल्यामुळे कार्यालयाची एक खिडकी थेट रस्त्याच्या बाजूला काढलेली होती, जेणेकरून पुरुष बाहेर राहावा आणि पैसा आत जावा. त्या खिडकीतून रेक्टर मॅडमनी छापील तक्ता पुढे सरकवला. अकरा महिन्यांचे भाडे 88,000, कारण मुलगी दहा महिने राहिली तरी कॉट अकरा महिने उभा असतो. दहा महिन्यांची खाणावळ 36,000. अनामत 10,000. आणि त्याखाली बारीक अक्षरांत बारा टक्क्यांप्रमाणे जीएसटीचे 10,560.

येथे मात्र माझ्यातील वसुली कारकून जागा झाला. जून 2024 मध्ये जीएसटी परिषदेने दरमहा माणशी 20,000 रुपयांपर्यंतच्या निवासाला, तो सलग किमान 90 दिवसांचा असेल तर, करातून सूट देण्याची शिफारस केली आणि त्याच जुलैपासून ती अमलातही आली, हे मी वाचलेले होते. मी ते खिडकीत तोंड घालून, शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितले. मॅडमनी माझ्याकडे पाहिले, पेन उचलले, ‘जीएसटी’ या शब्दावर नीट आडवी रेघ मारली आणि त्याच ओळीवर ‘देखभाल व सुविधा, 10,500’ असे लिहिले. केंद्र सरकारच्या कर धोरणाचा आधार घेऊन मी साठ रुपये वाचवले होते. त्या आनंदात मी 1,44,500 रुपयांच्या धनादेशावर सही केली.

आमच्या मुलीचे शिक्षण फुकट आहे, हे येथे सांगितले पाहिजे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आमच्यासारख्या इतर मागासवर्गीय घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले आहे, आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत तिला एक पैसा पडत नाही. पैसे पडतात ते संध्याकाळी पाच ते सकाळी दहा या वेळेत ती पुण्यात असते म्हणून. सरकारने त्याचाही विचार केलेला नाही असे नाही. सावित्रीबाईंच्या नावाने आधार योजना आहे आणि तीत पुण्यासाठी वर्षाला भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000 धरलेले आहेत. अर्ज केला आहे, यादी लागायची आहे. लागलीच तर निवासाचे 20,000 रुपये या कॉटला अडीच महिने पुरतात, म्हणजे ऑगस्टमध्ये आत गेलेली मुलगी दिवाळीपर्यंत सरकारी खर्चाने झोपेल आणि पुढे परीक्षेपर्यंत जागीच राहील. अभ्यासाच्या दृष्टीने तेही वाईट नाही.

परंतु मला सांगायचे आहे ते फाटकावरच्या मामांबद्दल.

मुली त्यांना मामा म्हणत होत्या, म्हणून मीही तेच नाव घेतले. साठीच्या पुढचे, खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी आणि पुढ्यातील टेबलावर तीन नोंदवह्या. एक पालकांची, एक सामानाची आणि तिसरी, जिच्या पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत नुसतेच ‘पुरुष’ असे लिहिले होते. त्यांनी मला संपूर्ण दिवसात एकदाही साहेब, काका किंवा पाहुणे म्हटले नाही. ते मला ‘पालक’ म्हणत. “पालक, इकडे सरका.” “पालक, आधार कार्डाची झेरॉक्स द्या.” शेजारीच भाजीची हातगाडी उभी होती आणि तिसऱ्या हाकेला भाजीवाल्याने खरोखरच एक जुडी उचलून पुढे केली.

पालकांच्या वहीत ‘भेटीचे कारण’ या रकान्यात मी ‘मुलीला सोडणे’ असे लिहिले. मामांनी चष्मा वर करून ते वाचले.

“सोडणे म्हणजे काय? आणताय का नेताय?”

“आणतोय. सोडायला आलोय.”

“सोडणे म्हणजे वसतिगृह सोडणे. ते मे महिन्यात. इथं ‘प्रवेश’ लिहा.”

मी खोडून ‘प्रवेश’ लिहिले. खाडाखोड झाल्यामुळे तेथे सही करावी लागली आणि सहीशेजारी तारीख. तेवढ्यात एक इलेक्ट्रिशियन आला. मामांनी लांब शिट्टी फुंकली, आतून कोणीतरी “या” म्हणाले आणि तो तरुण, पंचवीस वर्षांचा, केसांना लाल रंग लावलेला, वहीवर रेघोटी ओढून सरळ आत निघून गेला. पाठोपाठ पाण्याचे जार घेऊन एक जण गेला. मग पेस्ट कंट्रोलवाले दोघे गेले. मी मामांना विचारले की हे चौघे पुरुष आत जातात, तर चाळीस मिनिटांसाठी, केवळ खोली पाहण्यापुरते, मुलीचा सख्खा बाप का जाऊ शकत नाही.

“त्यांचं काम असतं,” मामा म्हणाले. “तुमचं काय काम आहे?”

“मी पैसे भरलेत, मामा.”

“पैसे भरणारे सगळे बाहेरच थांबतात.”

या वाक्याला उत्तर नाही. मी चार दिवस शोधतो आहे.

खोली मी पाहिली ती मोबाइलवर. मुलीने आतून व्हिडिओ कॉल लावला, आणि मला पंख्याची दोन पाती, लोखंडी कपाटाचा कोपरा व तिचा स्वतःचा अंगठा एवढे दिसल्यावर चित्र गोठले. त्या गोठलेल्या अंगठ्याकडे पाहत मी “छान आहे, हवेशीर आहे” असे म्हणालो. घरी बायकोलाही तेच सांगितले आहे.

यानंतर गादीचा प्रश्न उपस्थित झाला. कॉट बेसिसमध्ये कॉट मिळतो, गादी नव्हे, हे मला ठाऊक होते आणि म्हणूनच गावच्या पिंजाऱ्याकडून दहा किलो कापूस पिंजून ही गादी भरून घेतली होती. आईने तिला जुन्या इरकलीची खोळ शिवली होती. मामांनी सामानाच्या वहीत बादली, मग, दोन बॅगा आणि चिवड्याचा डबा यांची नोंद केली, पण गादीपाशी त्यांचा हात थांबला. कापसाच्या गादीत ढेकूण होतात, सबब बाहेरची गादी चालत नाही; फोमची गादी संस्थेच्या माणसाकडूनच घ्यायची, 2,400 रुपये. तो माणूस दहा मिनिटांत डोक्यावर गादी घेऊन आला, मामांनी शिट्टी फुंकली आणि तोही आत गेला.

“मी गादी डोक्यावर घेतली तर मला सोडाल का?” मी विचारले. हा प्रश्न मी चिडून विचारला होता, परंतु मामांनी त्यावर प्रामाणिकपणे विचार केला.

“त्याच्याकडे ओळखपत्र आहे,” ते शेवटी म्हणाले.

उन्हात उभे राहिले की माणसाला पूर्वज आठवतात. माझे वडील वसतिगृहाला बोर्डिंग म्हणत. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि मग एकेका समाजासाठी बोर्डिंगे निघत गेली. साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगातील मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, ही गोष्ट वडील सणासुदीला हटकून सांगत. तेव्हा वसतिगृह चालवणाऱ्याच्या घरातले मंगळसूत्र मोडत असे. आता ती जबाबदारी पालकांकडे आली आहे. आमच्या घरचे अजून मोडलेले नाही, आमच्याच पतसंस्थेत तारण आहे, आणि कर्मचारी म्हणून मला व्याजात अर्धा टक्का सवलत आहे.

मी स्वतः 1994 साली बार्शीत तिघांत एक खोली घेऊन शिकलो. वैरागकडच्या आमच्या गावाहून आईचा डबा रोज सकाळच्या एसटीने येत असे. झाकणावर लाल रंगाने माझे नाव, कडीला बांधलेले फडके आणि ड्रायव्हरच्या पायाशी अशा डब्यांची रांग. स्थानकावर गाडी लागली की आम्ही पोरे खिडकीतून आत हात घालून आपापला डबा ओढून घेत असू. भाजीचे तेल सांडून नाव इतके पुसट झाले होते, की वर्षाच्या अखेरीस मी केवळ कडीच्या बाकावरून डबा ओळखत होतो. त्याचे भाडे कोणी कधी मागितले नाही. ड्रायव्हर एखादे दिवशी चटणी चाखत असावा, एवढेच.

अडीचच्या सुमारास मामांची जेवणाची वेळ झाली. त्यांनी भाकरी सोडली, मला अर्धी देऊ केली, मी रागाने नको म्हणालो. जेवून झाल्यावर ते उठले, माझ्या वळकटीपाशी आले आणि दोन बोटांनी गादी दाबून पाहिली.

“कापूस चांगला आहे.”

“आमच्याकडचाच आहे.”

“रात्रपाळीलाही मीच असतो,” मामा म्हणाले आणि त्यांनी आपल्या खुर्चीकडे पाहिले. प्लॅस्टिकची खुर्ची होती, एक पाय तारेने बांधलेला. “तुम्हाला एवढं ओझं परत न्यायचं जिवावर येत असेल, तर ठेवून गेलात तरी चालेल.”

ढेकणांचे काय, असे मी विचारले नाही. खरे म्हणजे त्याच क्षणी गादी देऊन टाकायला हवी होती. परंतु चार तास माझ्या अंगात भिनत राहिलेले ते फाटक ऐन वेळी बोलू लागले, आणि मी म्हणालो, “ठेवतो. सामानाच्या वहीत नोंद करा. गादी, एक नग, मिळाली. खाली सही.”

मामांनी वही उघडली. बराच वेळ ते रकान्यांवरून बोट फिरवत राहिले. विद्यार्थिनीचे नाव, खोली क्रमांक, वस्तू, नग, पालकाची सही.

“मला रकाना नाही हो यात,” ते म्हणाले.

मी वळकटी खांद्यावर घेतली.

स्वारगेटला पोहोचेपर्यंत मुलीचा निरोप आला होता, की फोमची गादी फळीसारखी आहे आणि तिला रॉकेलसारखा वास येतो. मी त्यावर अंगठ्याचे चित्र पाठवले. बार्शीच्या गाडीत कंडक्टरने गादीला सामानाचे तिकीट सांगितले. तेव्हा मी त्याला, बऱ्याच दिवसांनी कोणाशी तरी जिंकावे या हेतूने, असे सुनावले की एसटीत मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे आणि गादी हा शब्द स्त्रीलिंगी आहे.

“तिचं आधार कार्ड दाखवा,” कंडक्टर म्हणाला.